पाऊस निरंक की माहिती निरंक

अप्पा,

मी तुमच्या गावी, मुरुडला पोचले तेव्हा तुम्हाला खुर्चीत बसवलेलं होतं. कपाळभर विभूती, गळ्यात हार, पाठीमागे लोड लावून मान सरळ केलेली. जिवंतपणी तुम्ही कधी इतके ताठ बसला नव्हतात. टेबलावर वाकून वाकून तुमच्या पाठीला पोक आलं होतं, आणि त्या पोकासकटच तुम्ही मला ठाऊक. दारात एका बाईनं विचारलं, "तुम्ही कोण ह्यांच्या?" नातं नाही, जात एक नाही, गाव एक नाही. म्हणाले, "हापिसातली." ती म्हणाली, "क्लार्क होतात का?" मी म्हणाले, "न्हाई, पाणी भरायला होते." तिनं मला पायऱ्यांच्या खाली जागा दाखवली. तिचं काही चुकलं नाही. तिथूनही तुम्ही दिसत होता.

पाच दिवस झाले त्याला. लातूरला परत आले, खोलीत बसले आणि वही काढली. तुम्हाला हसू येईल. चार ओळींचा रजेचा अर्ज लिहायला मला सकाळची दुपार व्हायची, आणि तुम्ही म्हणायचात, "अगं माय, अर्ज हाय, पोथी न्हाई. लिही आन् दे." आजही तसंच होऊन राहिलंय. दोन कागद फाडले. पण लिहायला पाहिजे. तुम्ही मला एक प्रश्न दोनदा विचारला होता. एकदा दुष्काळाच्या साली, एकदा आत्ताच्या पौषात. दोन्ही वेळा मी खरं सांगितलं नाही. त्या एका उत्तरावर एका बाईचं घर आणि एका पोरीची शाळा अवलंबून होती. सरळ तिथवर जायला मला धीर होत नाही, म्हणून आधीचं थोडं लिहिते.

लातूर जिल्हा नवा झाला होता. जिकडं तिकडं बांधकामं. माझा नवरा गवंड्याच्या हाताखाली होता. हिमायतनगराकडचं गाव सोडून त्याच्या मागे मी इथं आले, नांदेडात एसटी बदलून, मांडीवर तवा आणि पाटा घेऊन. इथं ओळखीचं कुणी नव्हतं. नळावर बायका बोलायच्या त्यातले चार शब्द कानडी असायचे, मला वाटायचं मलाच काही म्हणतायत. तुमचं जिल्हा कार्यालय तेव्हा भाड्याच्या घरात होतं. मला तिथं झाडायला आणि पाणी भरायला रोजंदारीवर घेतलं.

मग एक दिवस जुन्या जिल्ह्याहून ट्रकभर दप्तरं आली. लाल फडक्यात बांधलेली गाठोडी. एकाच्या पोटात दुसऱ्याच तालुक्याचे कागद, काही भिजून चिकटलेले, काहींची निम्मी पानं वाटेतच राहिलेली. मला सांगितलं, धूळ झटक. मी झटकली आणि साला-सालाप्रमाणे भिंतीला लावून ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं. पसारा बघवेना एवढंच.

दुसऱ्या दिवशी तुम्ही त्या भिंतीसमोर उभे. दोऱ्यानं बांधलेला चष्मा कपाळावर.

"हे कुणी लावलं?"

मला वाटलं, गेलं काम. "मीच. पुन्हा होतं तसं करते, साहेब."

"मी साहेब न्हाई. साहेब तिकडं पंख्याखाली हायत. वाचता येतं?"

"पाचवीपतूर शिकले."

"आकडे?"

"आकडे तर येतेत की."

"मंग बस हितं. तू वाच, मी लिहितो. माझे डोळे एक वळ सोडून दुसरीवर जातेत."

असं सुरू झालं. सकाळी हौद भरायचा, झाडून घ्यायचं, आणि मग तुमच्या टेबलाशेजारी खाली पोतं टाकून आकडे बोलायचे. बाकीच्यांना मजा वाटायची. एक क्लार्क म्हणाला, "अप्पानं पाणीवालीला सांख्यिकी अधिकारी केलं." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "ती चुकली का विचारती. तुम्ही चुकला का चहा सांगता." त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या कार्यालयात मोठ्यानं हसले.

आपण पावसाच्या नोंदी उतरवत होतो. ठरावीक गावांत पावसाचं भांडं असायचं, कुंपण घातलेलं. रोज सकाळी कुणीतरी काचेच्या मापानं पाणी मोजायचं, कागदावर लिहायचं, आणि महिन्याची बेरीज तालुक्याला पाठवायचं. नव्या जिल्ह्याला प्रत्येक केंद्राचा नेहमीचा पाऊस किती, हे काढायचं होतं. त्यासाठी मागच्या सगळ्या वर्षांचा एकच मोठा तक्ता. कागदाला कागद चिकटवून केलेला. तो पसरला की चपला बाहेर काढून आत यावं लागायचं.

त्या तक्त्यात 'निरंक' हा शब्द फार यायचा. तो आला की मी म्हणायचे "पूज्य", आणि तुम्ही शून्य काढायचात. निरंक म्हणजे काही नाही, हे मी हंडे ठेवता ठेवता शिकले होते. तक्रारी निरंक. साथीचे रोगी निरंक. मग पाऊस निरंक म्हणजे पूज्यच ना?

पाचव्या केंद्राचं पान चालू होतं. गावाचं नाव मी लिहीत नाही, तिथली माणसं आहेत अजून. तक्त्यात ते पाचव्या ओळीवर होतं म्हणून आपण त्याला पाचवंच म्हणायचो.

"जुलै, पूज्य," मी म्हणाले.

तुमची पेन्सिल थांबली. "सबंध जुलै?"

"हाव. निरंक लिहिलंय."

"त्याच्या बाजूच्या केंद्राचा जुलै बोल."

मी बोलले. कमी होता, पण होता. त्याच्या पलीकडच्याचाही होता.

"आन् मधल्या गावावर काय छत्री धरली व्हती का?"

मी हसले. तुम्ही हसला नाहीत. चष्मा काढून पुसलात आणि विचारलंत, "सुमन, पाऊस निरंक का माहिती निरंक?"

मला कळलंच नाही आधी. मग तुम्ही तो छापील नमुना उलटा करून दाखवलात. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, कोणताही रकाना कोरा ठेवू नये. त्यामुळे पाऊस पडला नाही की निरंक, आणि मोजलाच नाही तरी निरंक. शब्द एक, गोष्टी दोन. आणि मी तीन आठवडे दोन्हींची पूज्यं करत बसले होते. नळाशी जाऊन रडले. तुम्ही मागोमाग आलात, तांब्या घेऊन, जसं काही पाणीच प्यायला आलात.

"चूक घावली तर रडून राहिलीस. घावली नसती तर हसत बसली असतीस का?"

"मला काढून टाकतेत का अप्पा?"

"कोण? त्यायला कळंल तवा. चल, पहिल्यापासून बोल."

पहिल्यापासून बोलले. जिथं रोजची पानं होती तिथं खरं पूज्य कळायचं. पानंच नसतील तिथं तुम्ही काही न लिहिता लाल टिंब द्यायचात. बाकी सगळीकडं टिंबं तुरळक. पाचव्याला मात्र सात महिने, वेगवेगळ्या वर्षांतले. सातही पावसाळ्याचे.

त्यातच सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेला. उन्हाळ्यासारखा भाद्रपद. कार्यालयाच्या हौदात टँकरचं पाणी, त्याला डिझेलचा वास. वरून हुकूम आला, कोणत्या भागात टंचाईची कामं काढायची त्याची यादी करा. नेहमीच्या मानानं यंदा किती पडला, तो एक आकडा प्रत्येक केंद्राचा. ठरल्या रेषेच्या खाली असलं की गाव यादीत, वर असलं की बाहेर. साहेब म्हणाले, "सोमवारी तक्ता पाहिजे. रिकामं काही नको."

तेव्हा तुम्ही मला समजावलंत ते अजून तसंच्या तसं डोक्यात आहे. आधी पूज्याचं सांगितलंत. मोजलं नाही तिथं पूज्य घातलं, तर नेहमीचा पाऊसच कमी निघतो. मग यंदाचा तुटपुंजा पाऊससुद्धा त्याच्यापुढं बरा दिसतो, आणि गाव यादीबाहेर जातं. न मोजल्याची शिक्षा गावाला. मी त्या पूज्यांवर तीन आठवडे घालवले होते.

"मंग त्या केंद्राचाच बाकीच्या वर्षांचा सरासरी जुलै घालू," मी म्हणाले. मला ते फार न्यायाचं वाटलं. तुम्ही करून पाहिलंत. पाचवं यादीत आलं, चांगलं आत. मला आनंद झाला, आणि मीच घोटाळा केला. तक्त्यावर बोट फिरवत म्हणाले, "पण अप्पा, हे सगळे जुलै एकसारखे दिसतेत. मागचा मोठा दुष्काळ कुठं गेला? आजूबाजूला हाय, हितं न्हाईच."

तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत, जसं काही मी तुमची हरवलेली वस्तू आणून दिली. "बघ! सरासरीनं दुष्काळ पुसला. बराबर बोललीस."

मग तुमची तिसरी रीत. शेजारच्या तीन केंद्रांचा त्याच महिन्याचा पाऊस घ्यायचा, पण जसाच्या तसा नाही. शेजारी दरवर्षी सव्वापट पडत असेल, तर तेवढा कमी करून घ्यायचा. तिघांचं असं काढून मग मध्य धरायचा. मी भांडले. "शेजारच्या रानात पडला म्हणजे माझ्या रानात पडला का? आमच्याकडं वढ्याच्या अल्याड पडतो, पल्याड धूळ उडती."

"एका दिवसाला तसंच. पण महिन्याची बेरीज बोलून राहिलो मी, दिवसाची न्हाई."

"तरी पण."

"तरी पण," तुम्हीही म्हणालात. भाकरीचं फडकं सोडलंत, कांदा फोडलात, मला निम्मा दिलात. खाता खाता म्हणालात, "रीत कोणती बी घे, आधी कळलं पायजे की रिकामं का हाय. वढ्याला पूर येऊन मोजणारा जाऊ शकला न्हाई, तर तवा पाऊस शेजाऱ्यापेक्षा जास्त धरावा लागंल. भांडं फुटलं असंल तर शेजारी बराबर. आणखी तिसरंच काही असंल तर तिसरंच. तू जा उद्या पाचव्याला. मी गेलो तर पाटील मला चहा पाजून मागं धाडतेत. बाया तुझ्याशी बोलतील."

मी गेले. एसटी फाट्यावर सोडायची, पुढं चालत. शाळेच्या आवारात भांडं होतं, आता मास्तर मोजायचे. आधी मोजणारा वारला होता. त्याची बायको गोदाबाई, माझ्याच वयाची, अंगणात चुलीसाठी तुऱ्हाट्या मोडत बसलेली. शेजारी तिची लती पाटीवर गणितं करत होती. पाचवीत होती पोरगी. मला माझंच घर दिसलं.

मी विचारलं. गोदाबाईनं लपवलं नाही. लपवायचं काही आहे असं तिला वाटलंच नाही आधी.

"पाऊस न्हाई म्हणल्यावर भांड्यात काय वारं मोजायचं? रानात काम न्हाई. ते निजामाबादेकडं जायचे, कालव्याच्या कामाला. हिकडं पडला का परत यायचे."

"सातही बारी?"

"जवा जवा गेले तवा त्याच्यासाठीच गेले. आल्यावर निरंक लिहायचे. कोरं ठेवायचं न्हाई म्हणे."

मग ती थांबली. हातातली तुऱ्हाटी तशीच. हुशार बाई, अप्पा. तुमच्या तक्त्यातलं तिला काही ठाऊक नव्हतं, पण तिनं ओळखलं.

"हे तू लिहिणार का?"

"विचारायलाच पाठवलंय मला."

"लिहू नको माय. हितं पयल्यापासूनच कमी पडतो असं लिहिलं, का यंदाचा कमी कुणाला वाटंल? काम निघालं तर मी हितंच राहीन. न्हाई निघालं तर लतीला घेऊन जावं लागंल तिकडं. ती पाचवीला हाय."

लतीनं मान वर केली. "मी न्हाई येणार," म्हणाली.

"तुला कोण विचारतंय? गणित कर."

परतीच्या एसटीत मी खिडकीच्या गजाला धरून बसले होते. माझी शाळा सुटली तेव्हा मी पण म्हणाले होते, मी न्हाई येणार.

तुम्ही वाट बघतच होता. "काय कळलं? रिकामं का व्हतं?"

मी म्हणाले, "मोजणारा वारला अप्पा. आता कुणालाच ठाऊक न्हाई."

तुम्ही जरा वेळ माझ्याकडं बघितलंत. मी हंडा उचलला आणि बाहेर गेले.

त्यानंतरचं तुम्हाला ठाऊक आहे. शेजाऱ्यांच्या रीतीनं तुम्ही सातही महिने भरलेत, लाल पेन्सिलीनं, मोजलेल्या निळ्या आकड्यांत मिसळू नयेत म्हणून. बेरीज केलीत. पाचवं रेषेच्या वर निघालं, केसभर. मी म्हणाले, "अप्पा, सरासरी घाला ना. दोन्ही रीती पुस्तकातल्याच हायत म्हणता. जिच्यानं चूल पेटती ती घाला."

"चुलीकडं बघून रीत निवडली, तर उद्या दुसरा कोणी चूल विझवायला निवडंल. मंग त्याला मी काय म्हणू?"

"मंग ह्याला बाहेर काढता?"

"बाहेर बी काढत न्हाई. रिकामं का हे कळलं न्हाई मला. न कळता आत नको, न कळता बाहेर नको."

आणि तुम्ही पाचव्याचा रकाना कोरा ठेवलात. पुढं शेरा लिहिलात: सात महिने मोजलेले नाहीत, कारण समजले नाही, समक्ष पाहणी व्हावी. साहेबांनी सगळ्यांसमोर तक्ता टेबलावर आपटला. "अप्पा, एक आकडा मागितला होता. रिकामी चौकट नाही मागितली!" तुम्ही उभे होता. हात गळ्यातल्या इष्टलिंगावर. म्हणालात, "आकडा असता तर दिला असता, साहेब." तुमचे कान लाल झाले होते. मी दाराशी हंडा धरून उभी होते, आणि हंड्यातलं पाणी हलत होतं.

समक्ष पाहणीला तीन आठवडे लागले. पाहणी झाली, काम निघालं, नाल्याला बांध घालायचं. यादीवरची दुसरी गावं केव्हाच कामाला लागली होती. मी रविवारी गेले पाचव्याला. गोदाबाईच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "आठ दिस झाले. लती लई रडली." मी शाळेच्या भिंतीशी जरा बसले आणि परत आले.

सोमवारी तुमच्यावर सगळं ओकले. "तुमचा रकाना कोरा राहिला, तिचं घर कोरं झालं. तुमचा खरेपणा तुम्हाला लखलाभ." एवढं बोलायचा मला काय अधिकार होता? रोजंदारीवरची बाई. तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात, "बराबर हाय तुझं." संध्याकाळी चष्म्याचा दोरा सोडून पुन्हा बांधत बसला होता, कितीतरी वेळ.

ते भांडण आपण कधी मिटवलं नाही. त्याच्या बाजूनं चालत राहिलो. तुम्ही माझ्यासाठी मोठ्या साहेबांच्या खोलीच्या दाराशी कितीदा उभे राहिलात, तेव्हा कुठं मी शिपाई म्हणून कायम झाले. बाहेरून सातवीच्या परीक्षेला बसायचा फॉर्म तुम्ही दोनदा भरलात. दोन्ही वेळा मी गेले नाही, धास्ती वाटली. तुम्ही एवढंच म्हणालात, "शाळंनं तुला सोडलं, तू तिला सोडू नको," आणि तिसऱ्यांदा फॉर्म आणलात. तोही तसाच राहिला. माझा नवरा गेला तेव्हा सुतक संपायच्या आत तुम्ही घरी आलात, तक्ता घेऊन. लोकांना ते विचित्र वाटलं. तुम्ही ओसरीवर पसरून म्हणालात, "बोल आकडे." आणि मी बोलले. तेवढा वेळ मी कुणाची विधवा नव्हते. ह्याचे तुमचे माझ्यावर किती उपकार आहेत हे मला कधी सांगता आलं नाही. तुम्ही 'उपकार' शब्द आला की उठून पाणी प्यायला जायचात.

आणि एवढं सगळं करत होता तेव्हाही मी मनात म्हणायचे, पण गोदाबाईचं तुम्हीच केलंत. सगळी वर्षं म्हणायचे. रागाचा तेवढा एक कोपरा मी राखून ठेवला होता.

आत्ताच्या पौषात तुम्हाला भेटायला आले. तुम्ही उन्हात बाजेवर. आवाज बारीक झालेला. सूनबाई म्हणाली, "कुणाला ओळखत न्हाईत धड." आणि तुम्ही म्हणालात, "सुमन, त्या पाचव्याचं रिकामं का व्हतं गं?"

मला बसायचं सुचेना. "अजून त्याचंच काय अप्पा?"

"अजून म्हणजे? लागलंच न्हाई ते. मी सारं उलटं सुलटं करून बघितलं." मग तुम्ही बोटं मोजत बसलात, एकेक कारण. पूर. भांडं फुटणं. आजारपण. आणि शेवटी म्हणालात, "एकच राहतं. पाऊस न्हाई म्हणून मोजणाराच उठून कामाला गेला असंल. तसं असंल ना, तर मी गाढव."

"का?"

"मंग आकड्याची गरजच न्हाई. मी पयल्याच वळीला लिहिलं असतं की हितं पाऊस गेला का मोजणारा सुदीक गाव सोडतो. समक्ष बघायला काय राहिलं मंग? रिकामी जागाच सांगून राहिली व्हती. साहेबाला दुसऱ्या दिशी काम काढावं लागलं असतं."

अप्पा, मी बाजेची कड धरून उभी राहिले. मी गोदाबाईला वाचवायला खोटं बोलले होते. मला वाटलं होतं, खरं सांगितलं तर तुमची बेरीज तिला बाहेर काढेल. बेरजेच्या बाहेरही तुम्ही बघता, हे मला तोवर कळायला पाहिजे होतं. रोज शेजारी बसत होते. ते तीन आठवडे तुमच्या खरेपणानं गेले नव्हते. माझ्या दयेनं गेले होते.

तेव्हाच बोलायचं होतं. तुम्ही डोळे बारीक करून माझ्याकडं बघत होता, जसं त्या दिवशी बघितलं होतं. सूनबाई दूध घेऊन आली. "दमतात ते," म्हणाली. मी म्हणाले, "पुन्हा येते." पुन्हा आले तेव्हा तुम्ही खुर्चीत बसला होता.

समाधी दिल्यावर सगळे घराकडं वळले. मी फाट्यावर गेले आणि पाचव्याची गाडी धरली. का, ते मला नीट सांगता येत नाही. इतकी वर्षं मी त्या गावचा रस्ता टाळला होता. गोदाबाई आहे, केव्हाची परत आलेली. दिसत नाही तिला फार, पण आवाजावरून विचारलं, "कोण, हापिसातली का?" मी तिच्यापाशी बसले आणि सगळं सांगितलं. तुमचं, माझं, रकान्याचं.

मग म्हणाली, "लिहू नको असं मीच म्हणले व्हते."

"पण मी ऐकायला नको होतं."

"तवा कुणाला काय कळत व्हतं?" जरा वेळानं म्हणाली, "लती तिकडंच ऱ्हायली. बिड्या वळती. सही येती तिला. पोरीला शिकवून राहिली, बारावीला हाय." मी रडायला लागले तशी ती म्हणाली, "रडू नको. शाळा सुटली ती सुटलीच, ते काय मी बरं झालं असं म्हणणार न्हाई. लई हुशार व्हती ती." तिनं माझा हात शोधून धरला. घट्ट नाही, पण धरला.

"त्या अप्पायला सांगितलं का हे?"

"न्हाई. आज समाधी दिली त्यायला. राहिलं सांगायचं."

"आन् मला सांगायला आली? त्यायला सांग की. विचारलं तर त्यायनी व्हतं."

म्हणून हे लिहिलं. पाऊस नव्हता, अप्पा. सातही महिने नव्हता. पाऊस नव्हता म्हणून तो भांडं सोडून कामाला गेला होता, आणि त्याच्या बायकोनं ते मला त्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही गाढव नव्हता. तुम्ही विचारलंत, आणि मला ठाऊक होतं.